नानांच्या सुऱ्या आणि माझी शोकेस

आमच्या घरात नाशकातल्या सगळ्यात धारदार सुऱ्या होत्या आणि आम्ही टोमॅटो दाबून फोडत होतो.

तुम्हाला वाटेल, बाई उगाच काहीतरी सांगतेय. नाही हो! वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. सुऱ्या हॉलमध्ये, काचेच्या शोकेसमध्ये, लाल मखमलीवर पहुडलेल्या. आणि आत ओट्यापाशी मी, प्लॅस्टिकच्या मुठीची बोथट सुरी घेऊन टोमॅटोशी कुस्ती खेळतेय! टोमॅटोचा रस माझ्या गाऊनवर, बिया खिडकीच्या काचेवर आणि कोशिंबिरीत फक्त सालं.

त्या सुऱ्या केल्या होत्या नानांनी. नाना म्हणजे माझे सासरे. सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये अवजारं घडवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर इतर सासरे सकाळी फिरायला जातात, पेपर वाचतात आणि सुनेच्या चहात खोट काढतात. नानांनी त्यातलं फक्त शेवटचं केलं, तेही रविवारपुरतं. कारण ते आणि सासूबाई सातपूरच्या जुन्या घरीच राहायचे, आम्ही दोघं इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटमध्ये, आणि रविवारचं जेवण आमच्याकडे ठरलेलं. नानांना स्वतःच्या हातांचा भारी अभिमान. तो त्यांनी कधी लपवून ठेवल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. "माझ्या हातच्या कामात केसाचा फरक सापडला तर मिशी उतरवीन!" असं ते कुणालाही सांगायचे, दूधवाल्यालासुद्धा.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, फ्लॅट नवा होता आणि मीही नवीच होते. एका रविवारी नानांच्या आवडीचे घारगे करायचे म्हणून लाल भोपळा आणला. भोपळ्यात सुरी खुपसली. गेली. बाहेर काढायला गेले तर मूठ तेवढी हातात आली! पातं भोपळ्यात तसंच. भोपळा ओट्यावरून खाली, तिथून गडगडत हॉलमध्ये आणि थेट नानांच्या पायाशी, डोक्यात पातं रोवलेलं.

नानांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे काय, सूनबाई?"

"भोपळा, नाना."

"ते दिसतंय मला. त्याच्या डोक्यात हे काय?"

"सुरी."

"ह्याला सुरी म्हणायचं? अगं, ह्यापेक्षा माझी मोजपट्टी बरी कापते!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "मी केव्हाची सांगतेय, विळी घे म्हणून! विळीवर बसलं ना, की भोपळा आपणहून दोन होतो."

विळीचं आणि माझं कधी जमलं नाही. मला विळीवर बसता यायचं, पण उठता यायचं नाही. दोन पायांत पाट, पुढ्यात ते पातं आणि भोवती भाजीचा पसारा. त्यातून बाहेर पडायचं म्हणजे कुणीतरी हात द्यावा लागायचा. सासूबाई मात्र विळीवर अशा बसायच्या की वाटावं, विळीच त्यांच्यासाठी जन्माला आली.

नाना उठून आत आले, परातीत मी मळलेली कणीक होती, तिचा मोठा गोळा तोडला आणि माझ्यापुढे धरला. "सुरी धरतेस तशी ह्याच्यावर मूठ वळ. घट्ट! लाजू नकोस." मी वळली. गोळ्यावर माझ्या बोटांचे खड्डे उमटले. तो गोळा नानांनी स्टीलच्या डब्यात घातला आणि मांडीवर घेऊन बसने सातपूरला नेला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्याची पोळी लाटली. "मला काय माहीत? डब्यात कणीक दिसली, लाटली!" माझ्या हाताचं माप नानांनी दुधात कुस्करून खाल्लं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या रविवारी पुन्हा गोळा, पुन्हा मूठ.)

सातपूरला नानांच्या एका मित्राची शेड होती. नानांनी तिथे ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचं पोलाद मिळवलं, भट्टीत तापवलं, ठोकलं, पाणी पाजलं, घासलं. मुठीसाठी घरामागच्या पेरूची वाळलेली फांदी. सासूबाई सांगायच्या, नाना जेवायला बसले तरी बोटांनी हवेत मूठ घडवत असायचे. पावसाळाभर हेच. आणि श्रावण संपता संपता एका रविवारी त्यांनी पिशवीतून मऊ फडक्यात गुंडाळलेल्या तीन सुऱ्या काढल्या. एक मोठी, एक मधली, एक छोटी.

नाना मोठी सुरी माझ्या हातात देणार तोच सासूबाई ओरडल्या, "हातात नका देऊ! धारेची वस्तू हातात दिली की भांडणं होतात. खाली ठेवा, ती उचलेल." नानांनी ती ओट्यावर ठेवली. मी उचलली. आणि काय सांगू तुम्हाला! बोटं जिथे जायला हवीत तिथे आपोआप जाऊन बसली. अंगठ्याला अंगठ्याची जागा, करंगळीला करंगळीची. उभ्या आयुष्यात माझ्या मापाची म्हणून कुणी मन लावून केलेली ती पहिली वस्तू. (ब्लाऊज धरत नाही मी, ते कधी नीट बसलंच नाही.) माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी कांद्यावर ढकललं, कांदा अजून टोपलीतच असताना.

भोपळा चिरला. आवाजसुद्धा आला नाही. नाना दारात उभे राहून बघत होते, मिशीतल्या मिशीत हसत होते. त्या दिवशी घारगे त्यांनी इतके खाल्ले की सासूबाईंना ताट ओढून घ्यावं लागलं.

गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण मग आले जाधव.

जाधव म्हणजे लग्नाकार्यांचं जेवण करणारे केटरर. मूळचे कळवणकडचे, नाशकात त्यांचं मोठं नाव. शेगड्या दुरुस्तीला ते सातपूरच्या त्या शेडमध्ये यायचे. तिथे त्यांनी नानांनी नंतर केलेल्या आणखी दोन सुऱ्या पाहिल्या आणि उचलल्याच. एका रविवारी नाना त्यांना घेऊन आमच्याकडे जेवायला आले. घारगा खाता खाता जाधवांनी त्या सुऱ्यांना काय मोजलं ते सांगितलं. आकडा मी सांगत नाही. एवढंच सांगते, की आमच्या ह्यांच्या हातातला घारगा ताटात पडला. हे बँकेत. आकडा ऐकला की ह्यांच्या अंगात येतं.

"हातानं केलेली वस्तू हाय, सायेब," जाधव म्हणाले. "मुंबईच्या मोठ्या हाटेलात अशी मिळायची नाय. लय भारी काम!"

ते गेल्यावर हे ओट्यापाशी आले आणि सुऱ्यांकडे बघत राहिले.

"अगं, म्हणजे आपण एवढ्या किमतीच्या वस्तूनं मिरच्या चिरतोय?"

"मिरच्या छोटीनं चिरते मी."

"वेडी आहेस का? उद्या पातं तुटलं, मोलकरणीनं घासणीनं घासलं, म्हणजे? ही जपायची वस्तू आहे!"

सगळा दोष ह्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते, पण पाटणकर वहिनी अजून समोरच राहतात आणि त्यांना सगळं माहीत आहे. शोकेसची कल्पना ह्यांची. मखमल माझी! आत छोटा दिवा बसवायचा, तोही हट्ट माझाच. हॉलच्या भिंतीवर काचेची शोकेस लागली, तिला कुलूप, कुलपाची किल्ली देवघरात. पाटणकर वहिनी पहिल्यांदा आल्या, काचेला नाक लावून म्हणाल्या, "अय्या! हातानं केलेल्या? तुमच्यासाठी मुद्दाम?" त्या 'अय्या'नं माझं डोकं फिरलं. त्यानंतर जो कुणी घरी येईल त्याला मी पाणी नंतर देत असे, आधी सुऱ्या दाखवत असे. भिशीच्या बायकांना तर दिवा विझवून, पुन्हा लावून!

नानांना काय सांगायचं हा प्रश्न होता. तो ह्यांनी सोडवला. "सांग, वापरून झाल्या की धुऊन पुसून तिथेच ठेवतो." नानांना ते इतकं आवडलं! "बघा, किती जपतेय पोर," ते सासूबाईंना म्हणाले.

पण नाना शेवटी टूलरूमचे. दर रविवारी आले की पायातल्या चपला काढायच्या आधी विचारायचे, "काय गं, चालते ना?"

"चालते की, नाना!"

"आण बघू." मग नखावर धार टेकवून बघायचे.

म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही सुऱ्यांचा मेकअप करू लागलो. मी मोठी सुरी काढून ओट्यावर ठेवायची, हे तिच्या पात्यावर टोमॅटोचा रस लावायचे, मी दोन कोथिंबिरीची पानं चिकटवायची. "डावीकडे जरा जास्त झाली," असं हे लांबून बघून सांगायचे. (बँकेत ह्यांनी इतकं बारकाईनं काम केलं असतं तर मॅनेजर झाले असते.) भाजी मात्र आधीच प्लॅस्टिकवालीनं चेचून तयार असायची.

नाना नखावर धार बघायचे आणि थक्क व्हायचे. "महिना झाला, धार तशीच!" मग, "वर्ष झालं, तशीच!" कशी जाईल धार? मखमल कापत होती का ती? पण नानांना वाटलं, हा आपल्या हाताचा आणि पोलादाचा गुण. त्यांची छाती फुगली. सातपूरच्या चहाच्या टपरीवर, शेडमध्ये, देवळात, सगळीकडे सांगू लागले, "माझी सून रोज वापरते. वर्षानुवर्षं धार लावायचं नाव नाही!" आणि ह्याच बोलीवर ते सुऱ्या विकू लागले. नाशकातल्या निम्म्या केटररांनी त्या घेतल्या.

आता, सुरी रोज वापरली तर तिची धार जाते, हे सांगायला टूलरूम कशाला हवी? नानांनाही ते ठाऊक होतं. पण समोर सुनेची सुरी होती ना, दर रविवारी, कोथिंबीर लावलेली! जाधव तक्रार घेऊन आले, "नाना, धार गेली जी." नाना भडकले. "गेली? माझी सुरी? तुझ्या माणसांना धरता येत नाही! माझ्या सुनेची बघ!" दुसरा केटरर आला, त्यालाही तेच. ज्याची धार गेली तो खोटा, आळशी किंवा सुरीनं डबे उघडणारा! लोक हळूहळू म्हणायला लागले, म्हातारा बोलतो फार. शेडमध्ये गिऱ्हाईक येईना. ज्या हातांचा नानांना एवढा अभिमान, त्यांना काम उरलं नाही.

हे सगळं सासूबाई मला विळीवर बसून सांगायच्या. "घरी नुसते बसून असतात गं. काय झालंय लोकांना, कळत नाही." मी ह्यांच्याकडे बघायची, हे पंख्याकडे. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. किती सोपं होतं! "नाना, आम्ही त्या वापरत नाही," एवढंच. पण मग दिवा, मखमल, पाटणकर वहिनी... मी गप्प बसले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आणि मग ती खंडेनवमी आली. सातपूरला त्या दिवशी झाडून सगळी यंत्रं, अवजारं पुजली जातात आणि नाना ते कटाक्षानं करायचे. मग आम्ही कसे मागे राहू? मी शोकेस उघडली, तिन्ही सुऱ्यांना ओली हळद लावली, वर कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं आणि प्रत्येक पात्यावर अर्धं कापलेलं लिंबू. (लिंबूसुद्धा प्लॅस्टिकवालीनंच कापलं होतं.) इतकं सुंदर दिसत होतं म्हणून सांगू! काच लावली, कुलूप लावलं, दिवा लावला. दर वर्षी दसऱ्याला मी सगळं काढून पुसून ठेवायची. त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळीच मालेगावाहून आई आजारी असल्याचा माझ्या भावाचा फोन आला आणि आम्ही घाईघाईनं माझ्या माहेरी गेलो. राहिलो. चांगले दिवाळीच्या तोंडावर, एका रविवारी सकाळी परत आलो.

बॅगा अजून दारातच होत्या. बेल वाजली. दारात नाना. त्यांच्या मागे सासूबाई, त्यांच्या मागे जाधव आणि जाधवांच्या खांद्यावर एक भलामोठा लाल भोपळा!

"आज ह्याला दाखवूनच देतो," नाना आत येता येता म्हणाले. चेहरा लाल. "म्हणे धार टिकत नाही! सूनबाई, काढ तुझी सुरी. ह्याच्यासमोर हा भोपळा चीर."

मेकअपला वेळ नव्हता. हे पुढे झाले, "नाना, आधी चहा..." नाना म्हणाले, "आधी भोपळा!" मी देवघरातून किल्ली आणली. काच उघडली आणि आतून कुजक्या झेंडूचा असा भपकारा आला की जाधव भोपळ्यासकट मागे सरकले.

मखमल काळी पडली होती. लिंबांची बुरशी झाली होती. मी मोठ्या सुरीवरचं फूल उचललं, तर खाली पात्यावर गंजाचं दुसरं फूल उमटलेलं, पाकळी न् पाकळी! लिंबाखालचं पोलाद खाल्लं गेलं होतं. अक्षता चिकटून बसल्या होत्या.

"वैनी," जाधव हळूच म्हणाले, "देवाला वाह्यल्या व्हय सुऱ्या?"

नानांनी पुढे होऊन सुरी उचलली. पात्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून सुरी दिल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मूठ नीट बघितली. पेरूचं लाकूड. रोज हातात असतं तर घामानं, तेलानं काळंभोर झालं असतं. ते जसं दिलं होतं तसं होतं, कोरं. नानांनी त्यावरून अंगठा फिरवला. एकदा शोकेसमधल्या दिव्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते जाधवांकडे वळले. "तुझं बरोबर होतं, जाधव. धार जाते. माझंच बोलणं चुकलं. सगळ्यांच्या सुऱ्या आण, लावून देतो."

"जाऊ द्या नाना, एवढं काय त्यात..."

"नाही, आण तू."

भोपळा तसाच राहिला. नानांनी तिन्ही सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि जेवून, हो, नीट जेवून, घेऊन गेले. पुढच्या रविवारी परत आणल्या. घासून, चकचकीत करून. मोठीच्या पात्यावर त्या फुलाची पुसट खूण तेवढी राहिली होती. ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "ठेव." त्यानंतर त्यांनी "चालते ना?" असं कधीच विचारलं नाही. मी वाट बघायची. दर रविवारी कोथिंबीर मी खरोखरीच त्या सुरीनं चिरायची, त्यांना दिसेल अशी, आणि ते पेपर वाचत बसायचे.

काही वर्षांनी नानांचे हात थरथरायला लागले. मग नाना गेले.

आणि आता बघा माझं शहाणपण! नाना गेले तशा त्या सुऱ्या 'नानांची आठवण' झाल्या. आठवणीनं कुणी कांदा चिरतं का? मी नवी मखमल आणली. निळी! पुन्हा शोकेस, पुन्हा कुलूप. पाटणकर वहिनी आल्या, या वेळी 'अय्या' म्हणाल्या नाहीत, डोळे पुसले. तेही मला बरं वाटलं.

सासूबाई आता आमच्याकडेच राहायला आल्या. गुडघे गेले, विळीवर बसणं संपलं. एका सकाळी मला म्हणाल्या, "सूनबाई, त्या शोकेसची किल्ली कुठाय?"

"कशाला, आई?"

"कांदा चिरायचाय."

"अहो आई, नानांची आठवण आहे ती!"

"माझी नाही का?" सासूबाई म्हणाल्या. "मला कधी केली नाही त्यांनी सुरी."

"तुम्हीच विळी सोडत नव्हतात!"

"म्हणून विचारूही नये?" त्या म्हणाल्या. "तुझी मूठ घडवताना पेरूची फांदी तासत किती वेळ बसले होते, बघितलंय मी. भिंतीसाठी नव्हते बसले."

मी किल्ली आणली. सुरी काढली. ठरवलं, आता पुरे, आजपासून रोज. ओट्यापाशी उभी राहिले, मूठ वळली आणि बोटं खड्ड्यांत बसेनात! अंगठा बाहेर, करंगळी अधांतरी. कणकेच्या गोळ्यावर मूठ वळली होती तेव्हा मी काडी होते. मध्ये इतकी वर्षं गेली, इतके घारगे गेले, वर संधिवात. सुरी जपली, हात जपायचा राहूनच गेला.

"बघू," म्हणून सासूबाईंनी हात पुढे केला. मी घाईघाईनं सुरी खाली ठेवली, त्यांनी उचलली. वयानं सुकलेला तो हात त्या मुठीत अस्सा जाऊन बसला! त्यांनी कांदा चिरला, नखावर धार बघितली, अगदी नानांसारखी, आणि पदर डोळ्यांना लावला. कांदा चिरलेला होता, म्हणून दोघींचंही निभावलं.

तेव्हापासून डायनिंग टेबलाशी बसून घरातली सगळी भाजी सासूबाई चिरतात, नानांच्या सुरीनं. मूठ काळीभोर झालीय. तिन्ही सुऱ्या त्यांच्याच ताब्यात, इतर कुणाला हात लावू देत नाहीत. "धार बिघडते," म्हणतात.

आज घारगे करावे म्हणून मी लाल भोपळा आणला. सुरी मागायला गेले तर म्हणाल्या, "थांब, माझा कांदा व्हायचाय." म्हणून प्लॅस्टिकवाली घेतली, भोपळ्यात खुपसली, ओढली आणि मूठ हातात आली. भोपळा गडगडत हॉलमध्ये गेला आणि रिकाम्या शोकेसखाली जाऊन थांबला. सासूबाईंनी माझ्या मापाच्या सुरीनं कांदा चिरता चिरता मान वर केली.

"मी केव्हाची सांगतेय, विळी घे म्हणून!"

घेतली. मुकाट्यानं बसले. भोपळा झाला चिरून. आता हे बँकेतून येऊन हात देईपर्यंत मी इथेच आहे.